ड्रेन लावलेल्या कुत्र्याला रोज सकाळी फुगवटा येतोय? आधी खालचं भोक बघा

सकाळी सहा वाजता खंडूच्या खांद्याखाली हात घातला तर लिंबाएवढी मऊ गाठ लागली. दाबली की आत पाणी डुचमळायचं. रात्री अकराला झोपताना तिथं काही नव्हतं. डॉक्टर मॅडमनी फोनवर सांगितलं तसं केल्यावर पंधरा मिनिटांत ती उतरली. हुश्श केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला तीच गाठ, त्याच जागी, आणि आता ईडलिंबाएवढी.

घरी ड्रेन (जखमेत साठणारं पाणी बाहेर पडावं म्हणून बसवलेली नळी) लावलेलं कुत्रं आहे अशा चार-पाच जणांकडून त्यानंतर हीच तक्रार ऐकली, म्हणून एकदा नीट लिहून काढतेय. घाईत असाल तर उत्तर इथंच घ्या. टाक्यांकडे बघत बसू नका, ड्रेन जिथून बाहेर येतो त्या खालच्या भोकाकडे बघा. ते कोरडं पडलंय का? खपलीनं बुजलंय का? बँडेजखाली दडपलंय का? गोम बहुधा तिथंच असते.

आता सविस्तर.

खंडू आमचा गावठी कुत्रा, १८ किलोचा. आम्ही सांगलीत राहतो. भाद्रपद लागला की गल्लीतल्या कुत्र्यांचं काय होतं ते मराठी माणसाला सांगायला नको. नसबंदी झालेली असूनही हरतालिकेच्या आदल्या दिवशी हा पठ्ठ्या गेटच्या फटीतून बाहेर सटकला आणि तिघांच्या तावडीत सापडला. घरी आला तेव्हा खांद्यावर चार बारीक भोकं, रक्तही फारसं नाही. बाबा म्हणाले, हळद भरू, दोन दिवसांत वाळेल. डॉक्टर मॅडमनी तिथले केस भादरले आणि कातडी चिमटीत धरून उचलली, तर तळहाताएवढ्या जागेत ती खालच्या मांसापासून पार सुटलेली. कुत्र्याची कातडी सैल असते. चावणारा दात रोवून हिसडा देतो. वरून छिद्र दिसतं एवढंसं, आणि आत अस्तर उसवलेल्या कोटासारखी पोकळी. त्या पोकळीत लस, म्हणजे जखमेतून पाझरणारं पाणी, साठते, दातांवरचे जंतू तिच्यात वाढतात आणि आठवड्याभरात गळू होतं. म्हणून त्याच रात्री भूल देऊन आतली सफाई, नऊ टाके आणि ड्रेन.

ड्रेन नक्की करतो काय

हे आम्हाला आधी कळलं असतं तर पुढचं अर्धं रामायण टळलं असतं.

खंडूला होता तो पेनरोज ड्रेन, चार्ल्स बिंगहॅम पेनरोज (१८६२–१९२५) या अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञाच्या नावाचा. दिसायला अगदीच सामान्य: पिवळट, पातळ, चपटी रबरी नळी, हातमोज्याचं बोट कापून काढावं तशी. वरचं टोक कातडीखाली एका टाक्यानं अडकवलेलं असतं, बाहेरून फक्त त्या टाक्याची गाठ दिसते. खालचं टोक जखमेच्या सगळ्यात खालच्या बाजूला मुद्दाम पाडलेल्या वेगळ्या भोकातून दोन-तीन सेंटिमीटर बाहेर लोंबतं. तिथंही एक टाका असतो.

नळी म्हटल्यावर आपल्याला वाटतं की पाणी तिच्या आतून येणार. मीही दोन दिवस तिच्या तोंडाशी टॉर्च धरून बसले होते. पण लस येते ती मुख्यतः नळीच्या बाहेरच्या अंगावरून, दिव्याची वात तेल ओढते तशी, आणि बाकीचं काम उताराचं. म्हणजे भोक नळीपेक्षा थोडं मोठं आणि उघडं असायलाच हवं. नळी नुसती जागेवर आहे आणि भोवतालचं भोक मात्र खपलीनं घट्ट बसलंय, तर ड्रेन असून नसल्यासारखा. शेतात निचऱ्याचा चर काढायचा आणि बांधाशी त्याचं तोंड चिखलानं लिंपायचं, तसलाच प्रकार.

आमच्याकडे काय चुकत होतं

घरात गणपती. पाहुणे, सोवळं, पाटरांगोळी, आणि मधून गुलाबी थेंब सांडत फिरणारा खंडू. मॅडमनी भोकाखाली सैल गॉज ठेवून वरून जुना टी-शर्ट घालायला सांगितलं होतं, बस्स. हरतालिकेच्या रात्री बाबांनी त्यात सुधारणा केली. गॉजवर कापसाचा जाड थर, त्यावर क्रेप बँडेजचे चार वेढे, वर मायक्रोपोर चिकटपट्टी. सुबक काम. सकाळी फरशी कोरडी हवी म्हणून मीही हो म्हटलं.

चतुर्थीला सकाळी गाठ. ऋषिपंचमीला पुन्हा. दुसऱ्या वेळी मॅडमनी फोनवर एकच प्रश्न विचारला, "रात्री काय बांधता?" मी सांगितलं. पलीकडे जरा शांतता. मग म्हणाल्या, "अहो, गळतंय ते चांगलंय. गळू दे की. गळायचं थांबेल आणि फुगेल, तेव्हा घाबरा."

कापसानं लस शोषली, रात्रीत ती वाळली आणि कापसाच्या तंतूंसकट भोकावर कडक पापुद्रा झाला. वरून क्रेपचा दाब. लस जाणार कुठं? शिवाय खंडूला उजव्या कुशीवर झोपायची सवय आणि भोक डाव्या बाजूला, म्हणजे तो झोपला की भोक वर आणि पोकळी खाली. उतारच उलटा. सहा तासांत लिंबू तयार.

त्या रात्रीपासून बँडेज बंद. त्याच्या पथारीवर जुनी सुती साडी चौपदरी घातली, खाली मेडिकलमधलं अंडरपॅड. रात्री एक वाजता उठून भोक एकदा ओल्या गॉजनं पुसायचं, एवढीच नवी ड्यूटी. डाव्या कुशीवर त्याला वळवायचा प्रयत्न केला, पण आमच्या खंडूला कुणी वळवू शकलेलं नाही. मध्यरात्री पुसल्यामुळे तेवढ्यानं भागलं.

सकाळी गाठ दिसली तर, या क्रमानं

हात साबणानं धुवा, हातमोजे घाला. चाव्याची जखम असेल तर हे जास्तच पाळा. ज्यांनी चावलं त्या कुत्र्यांची लाळ ताज्या जखमेत असू शकते. खंडूची रेबीजची लस दर वर्षी होते, तरी मॅडमनी बूस्टर दिला. बाबांनी पहिल्या दिवशी उघड्या हातानं जखम पुसली होती आणि अंगठ्यावर सुरीचं चिरलेलं होतं. त्यांना आमच्या डॉक्टरांकडे जाऊन सुया घ्याव्या लागल्या. कुरकुर केली, पण घेतल्या.

गाठीच्या कडेनं बॉलपेननं रेघ मारा. केस भादरलेल्या कातडीवर छान उमटते. वेळ लिहा. फुगवटा वाढतोय की उतरतोय हे डोळ्यांना कळत नाही, विशेषतः घाबरलेल्या डोळ्यांना, रेघेवरून कळतं.

मग सलाइन. मेडिकलमध्ये मिळणारी नॉर्मल सलाइनची बाटली, ०.९ टक्क्यांची. वाटीत थोडी काढून वाटी गरम पाण्यात ठेवा. मनगटावर थेंब टाकून कोमट वाटली पाहिजे, चटका नको. गॉज भिजवा, हलकं पिळा आणि भोकावर नुसतं ठेवा. पाच मिनिटं. पुन्हा भिजवा, पुन्हा पाच मिनिटं. खपली नखानं किंवा चिमट्यानं काढायची नाही. ती स्वतः सैल होऊन गॉजला चिकटून येते. खंडूच्या खपलीत बाबांच्या कापसाचे तीन-चार लांब धागे होते, ते नळीभोवती गुंडाळलेले. धागा भिजला तरी सुटत नसेल तर ओढू नका. त्याच्या दुसऱ्या टोकाला नळीच आहे.

खपली निघाली की पहिले दोन-चार थेंब घट्टसर येतात आणि मग पातळ धार. खाली टॉवेल धरा. आमच्याकडे पहिल्यांदा धार आली तेव्हा गौरीच्या मुखवट्यांची पेटी बाजूला होती, ती थोडक्यात वाचली. पाच-दहा मिनिटांत गाठ पेनच्या रेघेच्या आत सरकायला लागते. गाठीवरून भोकाकडे हलका हात फिरवायचा की नाही हे तुमच्या डॉक्टरांना विचारूनच ठरवा. आत रक्तवाहिनी नुकतीच सांधत असेल तर दाबादाबीनं पुन्हा सुटते.

अर्ध्या तासात धार आली नाही, किंवा गाठ गरम, लाल, कडक आहे, हात लावू देत नाही, तर घरचे प्रयोग संपले. दवाखाना.

हे सगळं केल्यावरही गाठ रोज येतेय? मग कुत्र्याच्या हालचालीकडे बघा. सुटलेली कातडी खालच्या मांसाला चिकटायला तिथं शांतता लागते. कुत्रा सोफ्यावर उड्या मारतोय, ढोल वाजला की गॅलरीत पळतोय, तर आतले दोन थर एकमेकांवर घसरत राहतात आणि शरीर लस बनवत राहतं. खंडूला आम्ही मागच्या खोलीत, पट्ट्यानं बांधून, पंखा मोठा करून ठेवला. पंख्याच्या आवाजात ढोल जरा बुडतो. बाहेर फक्त शी-शूसाठी, पाच मिनिटं, आखूड पट्टा. हार्नेस खांद्यावर घासत असेल तर तो काढा. गाठ रोज येत राहिली तर ड्रेनची जागा चुकलेली असू शकते, आत गुठळी किंवा काही बाहेरची वस्तू असू शकते. ते घरी शोधता येत नाही.

एक सूज मात्र निरुपद्रवी असते, आणि तिनं लोकांची तारांबळ उडते. खांद्याच्या जखमेनंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पुढचा पाय, अगदी पंजापर्यंत, जाडसर दिसू लागतो. बोटानं दाबलं की खळगा राहतो. पेशींमधलं पाणी उतारानं खाली आलेलं असतं. कुत्रा पाय टेकतोय, पंजा कोमट आहे, तर फोटो डॉक्टरांना पाठवा आणि चहा घ्या. पंजा थंड पडला असेल आणि वर कुठं बँडेज असेल तर ते लगेच सोडा.

काय गळतंय, किती गळतंय

पहिल्या दिवशी रंग गडद गुलाबी असतो. मग पाणी जास्त पडलेल्या कोकम सरबतासारखा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी फिकट पिवळसर. प्रमाण रोज थोडं कमी. हे सगळं ठीक.

घट्ट, पिवळं-हिरवं, पिठल्यासारखं काही आलं, किंवा खोलीत शिरल्या शिरल्या वास आला, तर पू झालाय. नुसतं ताजं लाल रक्त थेंबामागून थेंब गळत राहिलं, गॉज दाबून धरूनही दहा मिनिटांत थांबलं नाही, हिरड्या पांढुरक्या दिसायला लागल्या, तर वाट बघायची नाही, निघायचं. मुंबईत रात्री-अपरात्री कुठं न्यायचं म्हटलं की परळचं बैलघोडा हॉस्पिटल लोकांच्या तोंडावर असतं. आमच्यासारख्या गावांत रात्री कोण दार उघडेल हे दुपारीच विचारून ठेवावं लागतं, सणाच्या दिवसांत तर नक्कीच.

थर्मामीटर वेगळं ठेवा, डिजिटल, टोकाला व्हॅसलीन लावून गुदद्वारातून. कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं. आपल्या हिशेबानं तो ताप, त्याच्या हिशेबानं तब्येत. १०३ च्या वर गेलं की फोन.

गळणं पूर्ण थांबण्याची वाट मात्र बघू नका. ड्रेन ही शरीरासाठी परकी वस्तू आहे, तिच्यामुळेच थोडी लस येत राहते. पेनरोज साधारण तीन ते पाच दिवसांत काढतात. जास्त दिवस ठेवला तर तेच भोक जंतूंना आत यायची वाट होते. "अजून थोडं येतंय, राहू दे आठवडाभर" हा हिशेब आपण करायचा नाही.

नळी सरकली, तुटली, गायब झाली

नेहमीपेक्षा जास्त लोंबतेय: ढकलायची नाही. बाहेरचा भाग घाण झालेला असतो, आत ढकलणं म्हणजे जंतू हातानं पेरणं. गॉजनं झाका, गळ्यात तोंड जखमेपर्यंत पोचू न देणारी प्लास्टिकची कॉलर घाला, फोन करा.

पूर्ण बाहेर पडली: घाबरू नका, पण फेकू नका. स्वच्छ पिशवीत घालून डॉक्टरांना दाखवा. घातली तेवढी लांबी परत आलीय का, हे त्यांना बघायचं असतं. कधी कधी काम झालेलं असतं आणि पुन्हा घालायची गरजही पडत नाही.

बाहेरचं टोक दिसेनासं झालं किंवा कुत्र्यानं चावून तुकडा पाडला: हा त्याच दिवशीचा दवाखाना. तुकडा पोटात गेला की जखमेत राहिला, हे बघायला लागतं, आणि साधा रबरी ड्रेन एक्स-रेत दिसेलच असं नाही. म्हणून पहिल्याच दिवशी बाहेरच्या टोकाचा मोजपट्टी शेजारी धरून फोटो काढून ठेवा. मी काढला नव्हता. तिसऱ्या दिवशी "हे आधी एवढंच होतं का गं?" यावर आमच्या घरात अर्धा तास वाद झाला, शेवटी फोन करून विचारलं तर एवढंच होतं.

या सगळ्याचं मूळ बहुतेकदा एकच: गळ्यातली प्लास्टिकची कॉलर काढलेली असते. "जेवताना त्रास होतो", "बिचारा दाराला आपटतो", "आम्ही लक्ष ठेवतो". कुत्र्याला नळी उपटायला तुम्ही कुकरची शिट्टी मोजता तेवढा वेळ पुरतो. कॉलरची कड नाकाच्या पुढे चार-पाच सेंटिमीटर आली पाहिजे, आणि गळ्याशी दोन बोटं आत जातील एवढी सैल. फुगवायची उशीसारखी कॉलर दिसायला गोड, पण लांब नाकाचं कुत्रं ती घालूनही बरगडीपर्यंत, मांडीपर्यंत आरामात पोचतं. जेवणासाठी भांडं अरुंद घ्या आणि विटेवर ठेवा, कॉलर त्यावर टोपल्यासारखी बसते आणि तो आतल्या आत खातो. खंडूनं दुसऱ्या दिवशी ही युक्ती स्वतः शोधली. पण शेजारचं मांजर दिसलं की कॉलरसकट भिंतीवर आदळायचं तेही सोडलं नाही.

जखमेपर्यंत तोंड पोचत नसेल तरी मागच्या पायाकडे लक्ष असू द्या. खांदा-मानेची जखम चाटता येत नाही, पण मागच्या पायानं खाजवता येते. मागच्या पंजांत बाळाचे मोजे घातले, वर सैल चिकटपट्टी. बाबांना हे काम दिलं. बँडेजची हौस तिथं फिटली.

माश्या

बाहेरच्या देशांतल्या सूचनापत्रांत हा भाग बहुधा नसतो. आपल्याकडे, त्यातून श्रावण-भाद्रपदाच्या दमट हवेत, तो सगळ्यात आधी असायला हवा.

ओलं उघडं भोक म्हणजे माशीला आमंत्रण. अंडी तांदळाच्या कणीएवढी, पांढरी, केसांच्या मुळाशी गुच्छानं चिकटलेली. एका दिवसात त्यातून अळ्या निघतात आणि आत शिरतात. दिवसातून तीनदा भोकाच्या आजूबाजूचे केस उलटे करून बघा. कणी दिसली तर ओल्या गॉजनं पुसून काढा आणि त्याच दिवशी दाखवा. कुत्रा एकाएकी बेचैन झाला, भोक आतून वळवळतंय असं वाटलं, गोडसर कुजका वास आला, तर किडे पडलेत.

मग कुणीतरी टर्पेंटाइन सांगतं, कुणी फिनेल, कुणी रॉकेल, कुणी डांबरगोळी. यातलं काहीही जखमेत ओतू नका. मांस भाजतं, आणि जखमेतून किंवा चाटून पोटात गेलं तर विषबाधा. जखमेवर लावायचा माशी-प्रतिबंधक मलम किंवा फवारा जनावरांच्या डॉक्टरांकडून घ्या आणि तो भोकाच्या आत नाही, कडेनं लावायचा का तेही विचारा. कुत्र्याला घरात, पंख्याखाली ठेवा. लहान कुत्र्यावर बाळाची मच्छरदाणी छान बसते. खंडूवर बसली नाही, पण देवघरापुढची जाळीची दारं पाच दिवस खंडूच्या खोलीला लागली होती आणि गणपतीनं काही तक्रार केली नाही.

लावायचं काय, लावायचं नाही काय

भोकाखालची कातडी सतत ओली राहून लाल होते, सोलवटते. ती सलाइननं पुसून, टिपून कोरडी केली की भोकाच्या खाली व्हॅसलीनचा पातळ थर द्या. भोकात नाही, टाक्यांवर नाही. बीटाडिन सांगितलं असेल तर पाणी घालून फिक्या चहाच्या रंगाचं करून कडेच्या कातडीला. हायड्रोजन पेरॉक्साइड, डेटॉल, हळद, तुरटी, नेबासल्फ पावडर हे काही नको. पावडर आणि हळद लसीत कालवली की उत्तम सिमेंट होतं, आणि भोक बुजू नये म्हणून तर आपण रात्री एकला उठतोय.

कण्हतोय म्हणून घरातली क्रोसिन, कॉम्बिफ्लाम, डायक्लोफिनॅक, ब्रुफेन देऊ नका. आयब्युप्रोफेन आणि डायक्लोफिनॅकनं कुत्र्याच्या जठरात व्रण पडतात, मूत्रपिंडं जातात. डॉक्टरांनी दिलेली वेदनाशामक गोळी जेवणानंतरच द्या. उलटी झाली किंवा शी काळी आली तर पुढची गोळी थांबवून विचारा.

फुग्याचा ड्रेन असेल तर

माझ्या मावसबहिणीच्या लॅब्राडोरची मोठी गाठ काढली, तेव्हा त्याला दुसऱ्या जातीचा ड्रेन होता: लांब नळी आणि टोकाला दाबून चपटा करायचा प्लास्टिकचा फुगा. यात उताराचा प्रश्न नाही, फुगा लस ओढून घेतो. इथं नियम उलटे. भोक घट्ट बंद हवं, हवा आत जाता कामा नये. फुगा रिकामा करायचा, मिलिलिटरचा आकडा वहीत लिहायचा, मग फुगा चपटा दाबून धरायचा आणि दाबलेला असतानाच टोपण लावायचं. तिच्या घरी टोपण आधी लावून मग दाबायचे. दोन दिवस फुगा नुसता शोभेला.

चपटा केलेला फुगा मिनिटभरात पुन्हा टम्म फुगत असेल आणि आत लस नसेल तर हवा शिरतेय: टोपण सैल, सांधा सुटलेला, किंवा नळीची छिद्रं कातडीबाहेर आलेली. फुगा चपटाच राहतोय, लस नाही आणि कातडी मात्र फुगतेय, तर नळीत गुठळी. नळी दुहून मोकळी करायची रीत असते, पण डॉक्टरांनी समोर दाखवली असेल तरच. फुग्यातली लस उलटी आत जाईल असं काही करू नका. फुगा टी-शर्टला शिवलेल्या खिशात ठेवा, लोंबता नको.

हा ड्रेन काढायचा अंदाज आकड्यावरून बांधतात. दिवसाला किलोमागे साधारण २ ते ४ मिलिलिटरच्या खाली आला, रंग फिका झाला, की डॉक्टर काढायचा विचार करतात. ३० किलोच्या लॅब्राडोरला म्हणजे ६० ते १२० मिलिलिटर. म्हणून वही.

काढल्यावर

खंडूचा ड्रेन गौरीजेवणाच्या दिवशी दुपारी निघाला. दोन टाके कापले, खालच्या टोकानं सरकन ओढला, पूर्ण लांबी ट्रेवर ठेवून बघितली. भूल नाही, काही नाही. त्यानं एकदा मागं वळून बघितलं, तेही बिस्किटाच्या डब्याकडे. भोक शिवत नाहीत, तसंच ठेवतात. मी विचारलं तर मॅडम म्हणाल्या, "दोन दिवस अजून गळेल. आता तरी बांधू नका."

दोन दिवस गळलं, तिसऱ्या दिवशी खपली धरली, आणि ही खपली मात्र ठेवायची होती. काढल्यावर पहिल्या दोन दिवसांत गाठ पुन्हा आली तर कळवा. लहान असेल तर शरीर शोषून घेतं, मोठी असेल तर डॉक्टर बघतील. सुईनं घरी काढायची नाही. आंघोळ टाके निघेपर्यंत बंद, कॉलरही तोवर गळ्यात. आमचे टाके अनंत चतुर्दशी उलटल्यावर, तेराव्या दिवशी निघाले. भादरलेल्या जागी बारीक तांबूस केस आले होते, आणि त्यांच्याखाली बॉलपेनची निळी रेघ अजून पुसट दिसत होती, शेजारी बाबांच्या अक्षरात "स. ६.१०".